वसईच्या वाड्यांतला रविवार

मुंबईहून विरारची लोकल पकडली की भाईंदरच्या पुढे खाडीचा लांब पूल लागतो. पूल ओलांडला की नायगाव आणि त्यापुढचे स्थानक वसई रोड. चर्चगेटपासून हे अंतर सुमारे ५० किलोमीटर. स्थानकाबाहेर पाऊल टाकले की उंच इमारती, रिक्षा आणि माणसांची गर्दी दिसते. नवखा माणूस विचारात पडतो, की केळीच्या बागांची म्हणतात ती वसई हीच का? पण घाई करू नये. पश्चिमेकडे, समुद्राच्या अंगाला जाणाऱ्या पालिकेच्या बसमध्ये बसावे. अर्ध्या तासात रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूंनी माड वाकून येतात आणि खिडकीतून ओल्या मातीचा वास आत शिरतो. निर्मळ, नंदाखाल, आगाशी या पट्ट्यात अजून ती जुनी वसई भेटते.

माझी बहुतेक नोकरी देशावर, ज्वारी-गव्हाच्या मुलखात झाली. खात्यातले माझे एक सहकारी याच पट्ट्यातले. "साहेब, एकदा लावणीच्या दिवसांत घरी या," असे ते किती वर्षे म्हणत होते. २०२३ च्या जुलैत तो योग आला. शनिवारी, १५ तारखेला दुपारी पोचलो आणि सोमवारी परत फिरलो. गेलो होतो केळीची वाडी पाहायला. ती तर पाहिलीच. पण घरी येऊन सांगावेसे वाटले ते तेथल्या शेतकऱ्यांच्या ग्रंथवाचनाबद्दल. आपल्याकडे ज्ञानेश्वरीचे पारायण आहे, हरिपाठ आहे, सप्ताह आहे. तसा या ख्रिस्ती शेतकऱ्यांच्या घरात त्यांचा ग्रंथ कसा वाचला जातो, हे आपल्या वाचकांनाही जाणून घ्यावेसे वाटेल.

मुलूख आणि माणसे

वसईत वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. सखल भागात भाताची खाचरे आणि थोड्या उंचवट्यावर वाड्या. वाडीत माड, त्याच्या सावलीला केळी, कोठे नागवेल, कोठे मोगरा, बांधाला अळू आणि भाजी. एकाच जमिनीवर तीन थरांची पिके घ्यायची ही रीत येथे पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. पावसाचे पाणी साठवायला वाडीत लहानशी तळी असतात, त्यांना 'बावखल' म्हणतात. बावखल भरले की आजूबाजूच्या विहिरींना पाझर राहतो. पूर्वी विहिरीवर बैलांचा रहाट चाले, आता पंप आहेत. आगाशीची सुकेळी आपण ऐकून असाल. राजेळी जातीची केळी सोलून, उन्हात वाळवून ती करतात. चवीला मधासारखी लागतात.

माणसेही अशीच मिसळून राहिलेली. सामवेदी, वाडवळ, कोळी, ईस्ट इंडियन, आगरी, आदिवासी. काही कुटुंबे हिंदू, काही ख्रिस्ती. पण शेतीची रीत एकच. निर्मळला शंकराचार्यांचे देऊळ आहे आणि त्याच गावात ख्रिस्ती लोकांचे चर्चही आहे. कार्तिकातल्या निर्मळच्या यात्रेला पंचक्रोशीतले सगळे लोटतात. ख्रिस्ती घरांतली आडनावे डिसोझा, परेरा, लोपीस अशी असली, तरी घरातली बोली मराठीच्याच घराण्यातली. सामवेदी ख्रिस्ती स्वतःला कुपारी म्हणवतात आणि त्यांच्या बोलीला कादोडी असे नाव आहे. वयस्कर बायका अजूनही लाल लुगड्यात दिसतात.

लॅटिनमधून मराठीत

१५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. या दोनशे वर्षांत येथे चर्चे उभी राहिली आणि अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली. पोर्तुगीज गेले, पण ही कुटुंबे आपल्या मातीत, आपल्या वाडीत राहिली. त्यांची श्रद्धाही राहिली.

मात्र एक अडचण होती. रविवारी चर्चमध्ये जी मुख्य उपासना होते तिला 'मिस्सा' म्हणतात. ती जगभर लॅटिन भाषेत होत असे. प्रवचन तेवढे लोकांच्या भाषेत, बाकी सारे लॅटिनमध्ये. सहकाऱ्यांचे वडील आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना आम्ही आबा म्हणू. ते सांगत होते, "लहानपणी आम्ही मिस्सेला जायचो, गुडघे टेकायचो, घंटा वाजली की मान खाली घालायचो. शब्द पाठ होते. अर्थ विचारायचा नाही, आणि सांगणारा तरी कोण?" घरात बायबल असणे ही तेव्हा साधारण गोष्ट नव्हती. आया-आज्या माळेवर जप करीत, संध्याकाळी क्रुसापुढे प्रार्थना म्हणत. भक्तीला खंड नव्हता. पण ग्रंथ दूर होता.

मराठीला हा ग्रंथ परका होता असे मात्र नाही. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' रचले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचे हे पुराण १६१६ मध्ये छापले गेले. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने देशी भाषांवर बंदीचा हुकूम काढला आणि ती वाट अरुंद झाली. इकडे बंगालमधील श्रीरामपूरच्या छापखान्यातून विल्यम कॅरी यांनी १८११ मध्ये नव्या कराराचे मराठी भाषांतर काढले. नगरकडच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्तभक्तीला अभंगाचा आणि भजनाचा साज चढवला. वसईच्या कॅथलिक शेतकऱ्यांपर्यंत मराठी उपासना पोचायला मात्र आणखी काळ जावा लागला. १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये कॅथलिक धर्माधिकाऱ्यांची मोठी परिषद भरली. उपासना लोकांच्या भाषेत करण्याची मोकळीक तिने दिली. त्यानंतर वसईत मिस्सा मराठीत होऊ लागली.

आबा म्हणाले, "पहिल्यांदा मराठीत ऐकले तेव्हा चमत्कारिक वाटले. देव आपल्या अंगणात येऊन बोलतोय असे वाटले. मग हळूहळू कळायला लागले, की हा तर शेतीबद्दलच बोलतोय!"

या भाषांतराच्या कामात वसईचाच एक सुपुत्र पुढे फार मोठा झाला. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. 'सुवार्ता' मासिकाचे ते अनेक वर्षे संपादक होते. 'सुबोध बायबल' हा त्यांचा ग्रंथ. आजच्या वाचत्या माणसाला कळेल अशा मराठीत त्यांनी बायबल आणले आणि साहित्य अकादमीने त्याचा गौरव केला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. वसईच्या हिरवाईसाठीही ते आयुष्यभर झगडले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले.

आम्हा विस्ताराच्या माणसांना यात एक ओळखीची गोष्ट दिसते. शेतीचे ज्ञान प्रयोगशाळेत कितीही असले, तरी शेतकऱ्याच्या भाषेत येईपर्यंत ते रुजत नाही. ग्रंथाचेही तसेच असावे.

शनिवारची बैठक

चर्चच्या हद्दीतल्या साऱ्या कुटुंबांना मिळून 'धर्मग्राम' म्हणतात. धर्मग्राम मोठा असतो, म्हणून त्याचे लहान गट पाडलेले असतात. शेजारची पंधरा-वीस घरे म्हणजे एक गट. ठरलेल्या दिवशी गटातल्या एका घरी बसायचे आणि येत्या रविवारी चर्चमध्ये जो उतारा वाचला जाणार तो आधी मिळून वाचायचा. मी पोचलो त्या संध्याकाळी बैठक आबांच्याच ओटीवर होती.

बाहेर पाऊस रिपरिपत होता. छत्र्या दाराशी टेकवून माणसे आत आली. चटया अंथरलेल्या, मध्ये पाटावर उघडे बायबल, त्यापुढे मेणबत्ती आणि वाडीतल्या मोगऱ्याची ओंजळभर फुले. फादर नव्हते. बैठक चालवत होती एक शिक्षिका. मला वाटले होते की एक जण सांगेल आणि बाकीचे ऐकतील. येथे तसे नव्हते. वाचनाच्या सात पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी प्रार्थना करून देवाला बोलवायचे. मग उतारा सावकाश वाचायचा. मग ज्याला जो शब्द किंवा जे वाक्य लागले असेल ते त्याने नुसते मोठ्याने म्हणायचे, त्यावर भाष्य करायचे नाही. चौथी पायरी मौनाची. काही मिनिटे सगळे गप्प. पाचव्या पायरीला मनातले बोलायचे. सहाव्या पायरीला, या वचनाप्रमाणे आठवड्यात आपण काय करणार, ते ठरवायचे. आणि शेवटी पुन्हा प्रार्थना. शेतकरी मंडळांच्या किती बैठका मी घेतल्या असतील; त्यांत मौनाची पायरी कधी ठेवली नव्हती. ती ठेवली तर पुढचे बोलणे किती नेमके होते, हे त्या दिवशी पाहिले.

उतारा होता पेरणाऱ्याचा. ऐन लावणीच्या दिवसांत! मत्तयच्या शुभवर्तमानातली ही येशूची गोष्ट आहे. एक माणूस पेरायला निघतो. काही बी पायवाटेवर पडते, ते पाखरे टिपतात. काही खडकाळ जागी पडते. ते लवकर उगवते, पण मुळाला माती नाही म्हणून उन्हाने करपते. काही काट्यांत पडते. काटे वाढून त्याला दाबून टाकतात. उरलेले चांगल्या जमिनीत पडते आणि कोठे शंभरपट, कोठे साठपट, कोठे तीसपट पीक देते. पुढे येशूनेच अर्थ सांगितला आहे. बी म्हणजे देवाचे वचन, जमीन म्हणजे ऐकणाऱ्याचे मन. काटे म्हणजे संसाराची चिंता आणि पैशाचा मोह.

मौन संपले. एक तरुण सून, जी विरारला नोकरीला जाते, ती म्हणाली, "मला तिसरी जमीन लागली. सकाळची गाडी, मुलांच्या शाळा, हप्ते. वचन ऐकते, पण वर येतच नाही." दोघी-तिघींनी माना हलवल्या. मग मागून एक गृहस्थ बोलले. "मला चौथी जमीन लागली. चांगली जमीन. ती उरलीय कोठे? समोरच्या खाचरात भराव पडला. उद्या तेथे इमारत होईल. बी पडायचे कोठे?"

ओटीवर एकदम शांतता झाली. कारण ते खाचर ज्याचे होते, तो माणूस तेथेच बसला होता. तो म्हणाला, "मी विकले. सगळ्यांना ठाऊक आहे. बायकोच्या आजारपणात तीन वर्षे गेली. लावणीला मजूर मिळेना, भाताला भाव नाही. मोह म्हणा हवे तर. पण तेव्हा तुमच्यापैकी कोणी विचारले होते का?"

मला वाटले, आता वादाला तोंड फुटणार. पण त्या शिक्षिकाबाईंनी कोणालाच चूक म्हटले नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "काका, तुम्ही बोललात हे बरे केले. आता सहावी पायरी. या आठवड्यात आपण काय करायचे?" थोडा वेळ कोणी बोलेना. मग लाल लुगड्यातल्या एक आजी म्हणाल्या, "त्या विहिरीपलीकडच्या पोरीची लावणी अडलीय. तिचा घरवाला गेल्याला वर्ष नाही झाले. रोप महिन्याचे झाले. तीही पडीक टाकणार. पडीक पडली की दलाल येतोच." ठरले. सोमवारी सकाळी प्रत्येक घरातून एक माणूस तिच्या खाचरात जायचे. आपल्याकडे याला इर्जिक म्हणतात. ज्याने जमीन विकली होती त्यानेच आधी हात वर केला.

रविवारची मिस्सा

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांबरोबर चर्चमध्ये गेलो. पावसातही बाके भरलेली. मिस्सेचे दोन मुख्य भाग असतात. पहिल्या भागात ग्रंथवाचन आणि प्रवचन, दुसऱ्या भागात भाकर आणि द्राक्षरस अर्पण करून प्रसाद घेणे. येशूने मरणाच्या आदल्या रात्री शिष्यांबरोबर जे शेवटचे भोजन केले, त्याची ही आठवण. वेदीवर अर्पण होते ते गव्हाचे आणि द्राक्षाचे, म्हणजे शेतातलेच.

वाचने तीन असतात आणि त्यांच्यामध्ये एक स्तोत्र गायले जाते. पहिली दोन वाचने गावातलेच स्त्री-पुरुष वाचतात. तिसरे, शुभवर्तमानाचे, धर्मगुरू वाचतात आणि तेव्हा सगळे उभे राहतात. त्या रविवारची सगळीच वाचने शेतीची होती. पहिले यशया संदेष्ट्याचे. पाऊस आभाळातून येतो तो जमीन भिजवून, पेरणाऱ्याला बी आणि खाणाऱ्याला भाकर देऊनच परततो, तसेच देवाचे वचन वाया जात नाही, असा त्याचा आशय. स्तोत्र होते पासष्टावे. त्यात देव जमिनीला पाणी देतो, ढेकळे मऊ करतो, अंकुराला आशीर्वाद देतो, असे वर्णन आहे. दुसरे वाचन पौलाच्या रोमकरांना लिहिलेल्या पत्रातले. त्यात सारी सृष्टी बाळंतवेणा सोसणाऱ्या बाईसारखी कण्हते आहे, असे म्हटले आहे. बाहेर कौलांवर पाऊस वाजत होता. स्तोत्र म्हणताना अनेकांची नजर उघड्या दारातून शेताकडे जात होती.

ही वाचने कोणी मनाने निवडत नाही. कॅथलिक चर्चमध्ये तीन वर्षांचे चक्र ठरलेले आहे. एका वर्षी मुख्यतः मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक; योहानाची वाचने मुख्यतः सणासुदीच्या काळात. तीन वर्षांनी पुन्हा पहिले. पिकांची फेरपालट असावी तसे. पेरणाऱ्याचा उतारा याच हिशेबाने दर तीन वर्षांनी जुलैच्या मध्यावर येतो आणि वसईत तेव्हा हमखास लावणी चालू असते. २०२० मध्ये १२ जुलैला तो आला तेव्हा करोनामुळे महाराष्ट्रातली देवळे, मशिदी, चर्चे सगळी बंद होती. आबांच्या घरी तो उतारा तेव्हा ओटीवर वाचला गेला. घरातली पाच माणसे आणि बाहेर पाऊस. आबा म्हणाले, "तेव्हा कळले, ग्रंथ घरात आला ते बरे झाले."

शेतकऱ्याच्या ओळखीचा ग्रंथ

बायबल म्हणजे एक पुस्तक नसून पुस्तकांचा संग्रह आहे. कॅथलिक लोकांच्या बायबलात ७३ पुस्तके, प्रॉटेस्टंटांच्या बायबलात ६६. त्यांतली नव्या कराराची २७ पुस्तके दोघांची सारखी. पॅलेस्टाइनच्या गहू, जव, द्राक्ष, अंजीर आणि जैतुनाच्या मुलखात हा ग्रंथ घडला. त्यामुळे पानोपानी शेती आहे, आणि शेतकऱ्याला त्यातले बारकावे शहरी माणसापेक्षा लवकर कळतात.

शंभरपट पिकाचेच घ्या. भाताच्या लावणीला हेक्टरी सुमारे ४० किलो बी लागते आणि ४० क्विंटल भात आला तर तो शंभरपट झाला. गव्हाला हेक्टरी १०० किलो बी पेरून ३० क्विंटल आले, तर तीसपट. आज सुधारलेली जाती, खत आणि पाणी असताना आपण तेथे पोचतो. दोन हजार वर्षांपूर्वी हाताने फोकून पेरणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला शंभरपट हा आकडा ऐकून काय वाटले असेल! चांगल्या वर्षाची ती परमावधीच.

पुढच्या रविवारचा उतारा निदणाचा होता. गव्हात वैरी रात्री निदण पेरून जातो. मजूर म्हणतात, उपटून काढू का? मालक म्हणतो, थांबा, निदणाबरोबर गहूही उपटाल; कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. ते निदण कोवळेपणी हुबेहूब गव्हासारखे दिसते, ओंबी पडल्यावरच कळते. भाताच्या खाचरातही असे गवत असते. लोंबी येईपर्यंत जुन्या बायकांनाच ते ओळखू येते. माझे खाते वेळेवर बेणणी करा असे सांगते. पण माणसांच्या बाबतीत घाईने कोणाला तण ठरवू नये, हा या गोष्टीचा अर्थ शनिवारच्या ओटीवर मी डोळ्यांनी पाहिला होता.

लूकच्या शुभवर्तमानात एक अंजिराचे झाड आहे. तीन वर्षे फळ नाही म्हणून मालक तोडा म्हणतो. माळी म्हणतो, आणखी एक वर्ष द्या. मी आळे खणतो, खत घालतो, मग बघू. कोणाही बागाईतदाराला हा माळी आपलाच वाटेल. जुन्या करारात मोशेच्या नियमशास्त्रात लिहिले आहे, की कापणी करताना बांधाच्या कडेपर्यंत कापू नये आणि पडलेली कणसे गोळा करू नयेत. ती गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडावीत. आपल्याकडे सरवा वेचतात तसेच. रूथ नावाची विधवा सून असाच सरवा वेचून सासूला जगवते. तिच्या नावाचे एक पुस्तकच बायबलात आहे. आणि नाबोथाची गोष्ट आहे. राजाला त्याचा द्राक्षमळा हवा असतो. नाबोथ म्हणतो, वाडवडिलांची जमीन मी देणार नाही. पुढे राणीच्या कारस्थानाने त्याचा जीव जातो. ही गोष्ट वसईत वाचली जाते तेव्हा फादरांना फार समजावून सांगावे लागत नाही, असे आबा म्हणाले.

सणांतही हाच धागा आहे. मुंबई-ठाण्याकडच्या आणि या किनारपट्टीच्या ईस्ट इंडियन समाजात ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी 'आगेरा' साजरा करतात. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये आणायच्या, धर्मगुरूंनी त्यांना आशीर्वाद द्यायचा आणि मग नवे अन्न घरात घ्यायचे. आपल्या नवान्नपौर्णिमेची ही बहीणच. मुंबईच्या कित्येक जुन्या गावठाणांत आज शेत उरलेले नाही. तरी आगेरा होतो, लोंब्या मात्र दुसरीकडून आणाव्या लागतात.

वाडी राहिली तर

वसईच्या पुढे तीच चिंता उभी आहे. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांवर होती. इमारती आल्या, बावखले बुजली, उपसा वाढला तशी कित्येक विहिरींना खारे पाणी लागले. वाडी विकणाऱ्याला दोष देणे सोपे आहे. मजुरी, आजारपण, मुलांची शिक्षणे आणि मातीपेक्षा जागेला आलेला भाव, हे सगळे एका बाजूला. आणि एकट्या शेतकऱ्याचा निश्चय दुसऱ्या बाजूला. हे तराजू समतोल नाही.

आबांना मी विचारले, की वाड्या गेल्या तर ग्रंथ कोण समजून घेणार? ते हसले. "ग्रंथ राहील हो. शहरातले लोक वाचतातच की. पण माझ्या नातवाला ढेकूळ म्हणजे काय ते चित्रात दाखवावे लागेल. एवढेच वाईट वाटते." त्यांनी स्वतः अर्धी वाडी राखली आहे. राजेळीचे चाळीस खुंट, बारा माड आणि दहा गुंठ्यांचे भात. हिशेबात ते फायद्याचे नाही, हे ते जाणून आहेत.

सोमवारी सकाळी गाडीला वेळ होता, म्हणून त्या विहिरीपलीकडच्या खाचराकडे गेलो. अकरा माणसे चिखलात वाकली होती. विरारला जाणाऱ्या सूनबाईंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. जमीन विकलेले काका दोरी धरून सरळ ओळी पाडत होते. रोप थोडे जून झाले होते. मी माझ्या धंद्याप्रमाणे सांगितले, की एरवी एका चुडात दोन-तीन रोपे पुरतात. आता रोप जून आहे, फुटवे कमी येतील, म्हणून तीन-चार घ्या, अंतर थोडे कमी ठेवा, खोल दाबू नका. त्या विधवा बाईंनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "साहेब, पडीक राहणार होते. आता जेवढे येईल तेवढे शंभरपटच."

मंडळी, पारायण आपण करतो, ग्रंथाची पालखीही काढतो. ते चालू राहावेच. वसईच्या शेतकऱ्यांकडून घेण्यासारखी एक साधी गोष्ट आहे, ती म्हणजे त्यांची सहावी पायरी. वाचून झाले की पोथी मिटण्याआधी विचारायचे, की या आठवड्यात आपल्या गावात कोणाचे काम अडले आहे? ग्रंथ कोणताही असो, हा प्रश्न विचारायला काही खर्च येत नाही.

कोणाला हा मुलूख पाहायचा असेल तर जुलैत जावे. लावणी पाहायला मिळते. ऑक्टोबरात गेलात तर भात पिवळे पडायला लागलेले असते. पेरणाऱ्याचा उतारा चक्रानुसार २०२६ मध्ये १२ जुलैच्या रविवारी येतो आणि त्यानंतर पुन्हा तीन वर्षांनी. त्या सकाळी वसईच्या कोणत्याही गावच्या चर्चमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसले तरी कोणी हटकत नाही. वाचन मराठीत असते. एक मात्र करा, चर्चमधून बाहेर पडल्यावर आजूबाजूला खाचर कोठे आहे ते पाहा, आणि लावणी चालू असेल तर बांधावर दोन घटका उभे राहा.